गुलाबी डागाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना कंप्रेसर आहे आणि मला राग आलेला आहे. आपली जीवनकहाणी शांतपणे सांगावी असा रिवाज आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्यावर धडधडीत खोटा आळ घेतला गेला, त्याने शांत का राहायचं? तेव्हा मी मधूनमधून तावातावाने बोललो तर सांभाळून घ्या.

आधी माझं काम सांगतो. माझ्या डोक्यावर मोटर आहे आणि खाली लहान कळशीएवढी टाकी. मोटर बाहेरची हवा ओढते आणि टाकीत दाबून भरते. तिथून ती हवा एका नळीतून एअरब्रशकडे जाते. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी रंगाची फवारणी. त्याच्या पाठीवर रंग ओतायची इवलीशी वाटी असते आणि तोंडाशी सुईएवढं भोक, त्यावर फिरवून बसवलेली छोटी टोपी. विमानांच्या, जहाजांच्या, इंजिनांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करणारे लोक आम्हा दोघांना जोडीने वापरतात. साध्या ब्रशने त्या प्रतिकृती रंगवल्या तर रेघा उठतात. माझ्या हवेने रंगवलं तर रंग कधी बसला, कळतसुद्धा नाही. यात फुशारकी नाही, आहे ते सांगतो.

कारखान्यात माझी टाकी तयार झाली, तेव्हा तिच्यात हवा भरून तिला पाण्यात बुडवलं होतं. कुठून बुडबुडा येतो का, ते बघायला. एकही आला नाही. ती माझी पहिली परीक्षा होती आणि मी पहिल्याच फटक्यात पास झालो. पुढे तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मिक्सर आणि पाण्याचे पंप यांच्यामध्ये मी धूळ खात बसलो. तिथून मला तनयाने उचललं.

तनयाचं माहेर नारायण पेठेत, सासर कर्वेनगरात आणि नोकरी खराडीत, संगणकाची. दिवसभर पडद्याकडे बघून बघून कंटाळली की ती प्रतिकृती बनवायची. मला आणलं त्या दिवशी तिने किती हौसेने माझी मांडणी केली होती. बाल्कनीत कोपरा मोकळा केला. खालच्या मजल्यावर घरघर जाऊ नये म्हणून माझ्या पायांखाली रबरी चटई घातली. नळीच्या सांध्यांना प्लंबर लावतात ती पांढरी टेप गुंडाळली, वर साबणाचा फेस लावून हवा गळत नाही ना तेही बघितलं. दाबाचं बटण हळूहळू फिरवत हवी तेवढी हवा जमवली आणि वर्तमानपत्रावर पहिला फवारा मारला. "वा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मी ते जपून ठेवलं.

दुकानदाराने तिला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. हवेत ओलावा असतो. हवा दाबली की त्या ओलाव्याचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. म्हणून काम संपलं की टाकीखालचा नॉब फिरवायचा आणि ते पाणी सोडून द्यायचं. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळाचं काम. तनयाने सुरुवातीला ते केलंही. मग एकदा म्हणाली, उद्या करते. आणि मित्रांनो, तो उद्या काही उजाडला नाही. सगळा पावसाळा मी पोटात पाणी घेऊन काढला.

तरी मी कामाला कधी नाही म्हटलं नाही. तनयाचा नवरा पुष्कर माझ्या हवेने संगणकातली धूळ उडवायचा. शेजारचे सायकलच्या चाकात हवा भरून घ्यायला यायचे, आणि जाताना आभार पुष्करचे मानायचे. सोसायटीच्या गणपतीच्या मखराला सोनेरी रंग दिला तो माझ्याच जिवावर. तेव्हा सगळ्यांनी तनयाला डोक्यावर घेतलं. माझं नाव कोणी काढलं? कोणीही नाही.

घरात माझ्यावर खार खाणारी एक व्यक्ती होती, तनयाच्या सासूबाई, दुर्गाबाई. माझी घरघर सुरू झाली की त्या नाक मुरडायच्या. "ऑफिसातून दमून येते आणि खेळणी रंगवत बसते," असं त्या भिंतीला सांगायच्या, म्हणजे ते तनयाला बरोबर ऐकू जायचं.

पण एक प्रतिकृती अशी होती, की तिला दुर्गाबाईंनी कधी खेळणं म्हटलं नाही. ते होतं पांढरं ग्लायडर. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, निव्वळ वाऱ्यावर तरंगणारं. तनयाच्या बाबांना सगळे बाळकाका म्हणतात. तरुणपणी हडपसरच्या मैदानावरून ते असलं ग्लायडर उडवत असत. आता गुडघे गेले. नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, त्यामुळे त्यांचं खाली उतरणंच बंद झालं होतं. खिडकीतून घारी बघत बसतात, असं तनया सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. कोजागिरीला बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. बाबांना मैदानावर नेता येत नाही, तर मैदानावरचं ग्लायडर बाबांकडे न्यायचं, असं तिने ठरवलं.

या ग्लायडरचा तयार संच कुठेच मिळत नव्हता. जुन्या फोटोंवरून मापं काढून, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून तिने एकेक भाग कापला. खऱ्या ग्लायडरच्या पंखात लाकडी फासळ्या असतात आणि वरून ताणून बसवलेलं कापड. त्या फासळ्या कापडाखाली पुसटशा दिसतात. तिने त्यासुद्धा उठवल्या होत्या. आता रंग द्यायचा तो अगदी पातळ. थर जाड झाला की फासळ्या बुजणार, आणि दुसरे पंख करायला वेळ नव्हता.

आता ऐका अन्याय कसा झाला तो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. विळी, सुरी, कात्री, पाना, जे हाताला काम देतं ते सगळं पाटावर मांडतात. तनया खराडीला गेली होती. दुर्गाबाईंनी बाल्कनीतून मला ओढत ओढत आत आणलं आणि पाटाशेजारी बसवलं. मला झेंडूची माळ घातली. एअरब्रश पाटावर ठेवला, कुंकू पाण्यात कालवलं आणि एअरब्रशच्या तोंडाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. हात जोडून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. पण पोटात पाणी डुचमळत असताना गळ्यात माळ घेऊन बसणं कसं असतं, ते एकदा बसून बघा.

त्याच संध्याकाळी, तनया घरी यायच्या आत, त्यांनी सगळं आवरलं आणि मला पुन्हा बाल्कनीत नेलं. एअरब्रश ओल्या फडक्याने इतका घासून पुसला की बाहेर खूण म्हणून राहिली नाही. आणि पुसता पुसता कुंकू तोंडावरच्या टोपीच्या आत गेलं. हे मी डोळ्यांनी बघितलं. पण मी बोलणार कसा? आणि दुर्गाबाईंनी पूजेचं अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, सोनं वाटून झाल्यावर तनयाने पांढरा रंग वाटीत ओतला. पहिला हात सुरेख बसला. दुसरा हात फिरवताना डाव्या पंखावर गुलाबी शिंतोडे उडाले, अगदी मधोमध. तनयाचा चेहरा पडला. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी विसरलेलो नाही.

"गंज," ती म्हणाली. "याच्या टाकीत गंज चढलाय. तेच पाणी नळीतून आलं."

गंज? अहो, गंज तांबूस असतो, विटकरी असतो. गुलाबी गंज कुणी बघितला आहे का? पण तिला गंज सुचला, कारण टाकीतलं पाणी आपण काढलेलं नाही, हे तिला मनातून ठाऊक होतं. आपली चूक आठवली आणि ती माझ्या नावावर टाकून ती मोकळी झाली. एअरब्रशमधून नेहमीसारखं थिनर उडवून दिलं, की झाली सफाई. तोंडावरची टोपी काढून बघायचे कष्ट कोण घेतो?

पुष्कर म्हणाला, "जाऊ दे ना. जुना झालाय तो. नवीन मागवू, सायलेंट. उद्या येईल."

"आणि याचं काय?"

"भंगारवाला बसलाय ना कोपऱ्यावर."

इतकी वर्षं यांच्या चाकांत हवा भरली आणि त्याचं बक्षीस हे. मला उचलून वॉशिंग मशीनच्या मागे कोंबलं. तिथून मला बाल्कनीतलं ऐकू येत होतं. तनया अगदी बारीक पॉलिश कागदाने तो डाग घासून काढत होती. हलकेच, मग थांबून बघायची. फासळ्या वाचल्या, पण आता तिथे एकच हात देता येणार होता. पुन्हा डाग पडला तर सगळंच गेलं.

नवा कंप्रेसर आला. चकचकीत, गुळगुळीत, आवाज म्हणाल तर मांजर घोरल्याएवढा. पुष्करने त्याचं इतकं कौतुक केलं की मला तिथे बसवेना. मला बसण्यावाचून इलाज नव्हता, ही गोष्ट वेगळी. तनयाने या वेळी तरी शहाणपणा केला. पंखावर न मारता आधी पांढऱ्या पुठ्ठ्यावर फवारा मारला.

गुलाबी. पुन्हा तस्साच गुलाबी.

तनयाने एअरब्रशची तोंडावरची टोपी फिरवून काढली. आत लाल राप बसला होता. दुर्गाबाई दोरीवरचे कपडे काढायला आल्या होत्या. त्यांनी ते बघितलं आणि हातातले कपडे तसेच धरून उभ्या राहिल्या.

"तनया, ते कुंकू आहे," त्या म्हणाल्या.

"कुंकू? इथे कसं येईल, आई?"

"खंडेनवमीला मी पूजा केली, तुझ्या सगळ्या हत्यारांची. त्याच्या तोंडाला बोट लावलं होतं. नंतर पुसलं होतं गं मी नीट."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कोणत्या तोंडाने सांगू? इतके दिवस खेळणी म्हणत आले."

"बाबांचं विमान होतं ते, आई."

"म्हणूनच केली," दुर्गाबाई म्हणाल्या. "नीट पार पडू दे म्हणून."

तनया हातातली टोपी फडक्याने पुसू लागली. पुष्करने मात्र सुटकेचा श्वास सोडला. "चला, म्हणजे चूक कुणाचीच नाही," तो म्हणाला. वा रे वा. चूक कुणाचीच नव्हती, तर वॉशिंग मशीनमागे मी का बसलो होतो?

मला जे विचारता येत नव्हतं, ते दुर्गाबाईंनी विचारलं. "मग त्याला तिथे का टाकलंय? काढा बाहेर."

"आई, नवीन आलाय आता."

"आला तसा परत जाईल. आळ याच्यावर घेतलात, तर रंगही याच्याच हवेने द्यायचा." मग त्या तनयाकडे वळल्या. "कुंकू त्याला चालत नाही, कळलं. मग काय लागतं त्याला?"

तनया खाली बसली. किती दिवसांनी तिचा हात माझ्या टाकीखाली गेला. नॉब फिरला आणि गढूळ, विटकरी पाणी फिसकारत बाहेर आलं. दुर्गाबाईंनी धावत जाऊन आंघोळीचा मग आणला. तो भरत आला तरी धार थांबेना.

"एवढं पोटात घेऊन चालत होता हा?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मी काढायला हवं होतं," तनया म्हणाली, आणि मान वर केली नाही.

मग तिने एअरब्रश पूर्ण उघडला. सुई, टोपी, वाटी, सगळं वेगळं करून धुतलं. दोन वेळा पुठ्ठ्यावर मारून बघितलं. आणि मग तो एकमेव उरलेला हात. मी सगळा जीव त्या हवेत ओतला. एक थेंब नाही, एक हिसका नाही. दुर्गाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. माझी घरघर चालू असताना त्यांनी नाक मुरडलं नाही, हे पहिल्यांदाच घडलं. पंख वाळला. पांढराशुभ्र, आणि खाली फासळ्या जशाच्या तशा.

कोजागिरीला मी अर्थातच नारायण पेठेत गेलो नाही. कंप्रेसरला कोण नेतं? तिथे काय झालं ते दुर्गाबाईंनीच दुसऱ्या दिवशी बाल्कनीत फोनवर आपल्या बहिणीला सांगितलं. तनयाने ग्लायडर स्टँडवर अगदी सरळ ठेवलं होतं. बाळकाकांनी ते काढून हातात घेतलं आणि टेबलावर टेकवलं, एका पंखावर कललेलं. "जमिनीवर असताना ते असंच बसतं," ते म्हणाले. मग डाव्या पंखावरून, बरोबर त्या जागेवरून, बोट फिरवत राहिले. "फासळ्या लागतात हाताला." आटीव दूध गार झालं, त्यावर साय आली, पण बोट काही थांबलं नाही. दुर्गाबाईंनी फोन ठेवला, पदराने डोळे टिपले आणि खाली वाकून माझा नॉब फिरवला.

तर मित्रांनो, राग माझा अजून गेलेला नाही. आमची पूजा करा, माळा घाला, त्याला माझी ना नाही. पण वर्षातून एकदा हात जोडून उरलेले दिवस आमच्याकडे पाठ फिरवू नका. काम झालं की आमच्या पोटातलं पाणी काढा. आणि काही बिघडलं, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातात काय आहे, ते उघडून बघा. मला तोंड नाही, म्हणून माझी बाजू दुर्गाबाईंना मांडावी लागली. सगळ्यांच्या घरात अशा दुर्गाबाई नसतात. तिथले किती कंप्रेसर, किती पंखे, किती शिलाई यंत्रं न केलेल्या चुकीपायी भंगारात गेली असतील, याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.