कात्रीची फेरी

रडक्या सिनेमांचा मला मनापासून राग आहे आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. पडद्यावर कुणीतरी मरायला टेकलाय, मागे व्हायोलिन कुंथतंय आणि अंधारात सगळी नाकं सूं सूं करतायत, असं झालं की माझं डोकंच फिरतं. अहो, तुम्हाला रडू येत नाहीये, तुमच्याकडून ते काढून घेतलं जातंय! गाईचं दूध काढतात तसं. एवढं साधं कळू नये माणसाला?

तर आमचा क्लब. नाव मोठं, माणसं सहा-सात, त्यातली नेमाने येणारी तीनच. एक चष्मेवाले, कारण जागा त्यांची. दुकानाच्या वर नजर तपासायची खोली आहे, ती रविवारी दुपारी रिकामी असते. भिंतीवरचा लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता उतरवायचा, तिथे पांढरी चादर ताणायची, झाला पडदा. दुसऱ्या सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. छत्तीस वर्षं खरी माणसं मरताना पाहिली, तरी सिनेमात नुसतं कुत्रं हरवलं की बाई डोळ्याला पदर लावतात. तिसरा मी. छापखान्यात प्रुफं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. घरी चुका काढून घ्यायला आता कुणी उरलेलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. सिनेमा संपला की चहा, आणि चहाबरोबर कात्रीची फेरी. प्रत्येकाने एकच प्रसंग सांगायचा, जो कापला असता तर सिनेमा सुधारला असता. का कापायचा तेही सांगायचं. पटलं तर बाकीच्यांनी हात वर करायचे. ही फेरी मीच सुरू केली, अकरा वर्षांपूर्वी, आणि माझ्या कात्रीला हात वर झाले नाहीत असं क्वचितच घडलं. त्याची मला घमेंड होती. थोडीथोडकी नाही, चांगली मणभर होती.

त्या रविवारी तुरुंगाचा सिनेमा होता. तुरुंगाचा सिनेमा म्हटला की त्यात काय काय असणार ते मी आधीच बोटांवर मोजून ठेवतो. एक राक्षस जेलर, एक देवमाणूस म्हातारा कैदी, आणि गजांमधून आत येणारं पाखरू. तिन्ही हजर होते. वर भेटीचा प्रसंग. जाळीच्या अलीकडे बाप, पलीकडे लहान मुलगी, जाळीतून बोटाला बोट लावलेलं, आणि बाप आपला ‘मला माफ कर बाळा, मला माफ कर’ करत गळा काढतोय. साडेचार मिनिटं! मी घड्याळ लावून मोजली.

“भेटीचा प्रसंग,” मी कप खाली ठेवायच्या आत म्हणालो. “मुळापासून कापा.”

“मी तेवढाच ठेवीन,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचं नाक अजून लाल होतं. “बाकीचा सिनेमा कापा हवा तर.”

“का बरं?”

“बाकी सगळीकडे तो बाप आपल्याला ऐकू जावं म्हणून बोलतो. तिथे तिच्याशी बोलतो.”

“बोलतो कसला, भोकाड पसरतो!”

“पसरतो. मग? माणसाने रडू नये असं कुठे लिहिलंय का, मास्तर?”

चष्मेवाल्यांना भांडण सोसत नाही. ते म्हणाले, “रडावं हो, पण बेताचं. नंबरापेक्षा जाड भिंग लावलं की उलट दिसायचं बंद होतं.”

“ऐका!” मी म्हणालो. “मी तर म्हणतो, एखाद्या खऱ्या कैद्याला आणून बसवा इथे आणि दाखवा हा प्रसंग. पोट धरधरून हसेल तो.”

“नाही हसणार,” मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

मागे मिस्त्री बसले होते. शिलाई मशीन दुरुस्त करणारे. दुकान मागच्याच गल्लीत. चष्मेवाल्यांनी त्यांना आणलं होतं आणि तिसऱ्या रविवारपर्यंत त्यांच्या तोंडून ‘साखर कमी’ याखेरीज शब्द निघाला नव्हता.

“मी नऊ वर्षं आत होतो,” ते म्हणाले.

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. पण ते किती वेळ टिकणार? सिनेमाची माणसं आम्ही. पाच मिनिटांत त्यांना घेरून बसलो. जेलर खरंच तसे असतात का, पाखरं येतात का, जेवणाच्या रांगेत मारामाऱ्या होतात का. माणूस कुठल्या दुःखातून आलाय हे एकानेही विचारलं नाही. मिस्त्रींनी बिचाऱ्यांनी सगळ्याची उत्तरं दिली.

“आत महिन्यातून एकदा सिनेमा दाखवायचे,” ते म्हणाले. “जितका रडका तितका आम्हाला बरा. तीनशे माणसं एकदम रडायची. एरवी रडलं की टिंगल व्हायची. सिनेमात कुणी विचारत नाही ना.”

“आणि भेटीला?” मी विचारलं. “भेटीला असं रडतात?”

“नाही. वीस मिनिटं मिळायची. ती रडण्यात कोण घालवील? बायको यायची तेव्हा नळाची गळती, पोरीचे दात, असलंच बोलायचो.”

“बघा!” मी टाळीच वाजवली. तीनशे माणसांचं मी सोयीस्कर विसरलो. माझ्या कात्रीला माझा धरून तीन हात वर झाले. सिस्टरनी केला नाही आणि मिस्त्रींनी सर्वांत आधी केला.

पुढच्या रविवारी सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मिस्त्रींनी खिशातून घडी केलेले कागद काढले. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

“पोरीला पत्र आहे,” ते म्हणाले. “जरा बघता का?”

हकिगत त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. बायकोच्या भावाशी दुकानात भांडण झालं, यांनी त्याला ढकललं, त्याचं डोकं मशीनच्या लोखंडी पायावर आपटलं आणि तो जागीच गेला. मुलगी दहा वर्षांची, दारात उभी राहून बघत होती. हे आत असताना बायको आजाराने गेली. पोरीला मावशीने वाढवलं. सुटून चार वर्षं झाली, पण पोरगी एकदाही भेटली नाही. पाठवलेली पत्रं न फोडता परत यायची. आता तिनेच मावशीकडून निरोप धाडला होता. एकदाच लिहा. वाचीन. मग येते की नाही ते ठरवीन.

“एकदाच म्हणालीय,” मिस्त्री म्हणाले. “तुम्हा लोकांना कळतं काय खरं वाटतं आणि काय नाटकी. तिला नाटकी वाटायला नको.”

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? कागद परत दिले असते. पण मला बघा! मी खिशातलं लाल पेन काढलं आणि म्हणालो, “बसा. कात्रीची फेरी करू.”

“अहो, पत्र आहे ते!” सिस्टर म्हणाल्या. “सिनेमा नाहीये.”

“तेच तर. सिनेमा एक वेळ रडका चालेल.”

पत्र कसं होतं? जसं असायचं तसंच. माझ्या सोन्या. माझी चिमणी. तुझ्या आठवणीशिवाय एक दिवस गेला नाही. मी पापी आहे. शुद्धलेखनाच्या नावाने आनंदीआनंद. आणि ‘मला माफ कर’ नऊ वेळा. मी मोजलं. दर वर्षाचं एक असावं बहुतेक, पण ते मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी नुसत्या रेघा मारत गेलो.

चष्मेवाल्यांनी चिमणी कापली. मी सोन्या कापलं, पापी कापलं, आठवणींचं अख्खं पान कापलं. मिस्त्री मान डोलवत होते. चारातून दोन पानं झाली, दोनातून एक. शेवटी माफीवर आलो. आठ मी सरसकट उडवल्या.

“एक तरी ठेवू?” मिस्त्रींनी विचारलं.

“काय गरज? माणूस सगळं कबूल करतोय यातच माफी आली. न बोललेलं जास्त लागतं, मिस्त्री. तिने एवढी वर्षं वाट पाहिलीय, तिला स्वस्तातलं कशाला द्यायचं?”

मिस्त्रींनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी हात वर केला. सिस्टर उठल्या आणि कप विसळायला गेल्या.

मग मिस्त्रींनी माझ्यासमोर बसून पत्र पुन्हा लिहिलं, शुद्ध. ते मला अजून पाठ आहे. ‘तुझ्या मामाला मी ढकललं. त्याचं डोकं मशीनवर आपटलं. तू दारात होतीस. तुझी आई गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. चार वर्षांपूर्वी सुटलो. आता मशीनं दुरुस्त करतो. एका खोलीत राहतो. रविवारी सुट्टी असते.’ खाली नुसतं ‘बाबा’.

रविवारी सुट्टी असते! काय शेवट होता! ये, भेट, वाट बघतोय, सगळं त्यात आलं असं मला वाटलं. इतका चांगला मजकूर आमच्या छापखान्यात वर्षातून एकदा येत नाही. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि घरी जाताना शीळ घालत गेलो.

तीन रविवार गेले. मिस्त्री रोज टपाल बघत होते, आम्हाला काही बोलत नव्हते. चौथ्या रविवारी आम्ही चादर ताणत होतो आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. तेवीस-चोवीस वर्षांची, खांद्याला बॅग, हातात तो कागद. मिस्त्री खुर्चीतून उठले आणि उठलेलेच राहिले. कोण ते सांगायची गरज पडली नाही.

“रविवारी सुट्टी असते म्हणून आले,” ती म्हणाली. “दुकानाशेजारच्यांनी सांगितलं इथे असता. हे तुम्हीच लिहिलंत?”

“मीच,” मिस्त्री म्हणाले. “मीच लिहिलंय, बाळा.”

“मामाला ढकललंत ते मला माहीत आहे. मी दारात होते. आई गेली तेव्हा तुम्ही नव्हता, तेही माहीत आहे, मी होते. मला माहीत असलेलंच सगळं मला का कळवलंत?” तिचा आवाज चढला नव्हता. “मला वाटलं, मागच्या बाजूला काही असेल. मी पान उलटून बघितलं. दिव्यासमोर धरून बघितलं. एक शब्द नाही, बाबा? तेरा वर्षांनी एक शब्द लिहावासा वाटला नाही?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत. आता काय बोलायचं, एवढंच ते मला विचारत होते.

“होता,” मी म्हणालो. “नऊ वेळा होता. मी काढला.”

“तुम्ही कोण?”

खरंच, कोण मी? “क्लबातला,” मी म्हणालो. “नाटकी वाटत होतं, म्हणून...”

तिने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती पुन्हा बापाकडे वळली. “आणि तुम्ही काढू दिलंत?”

“यांना कळतं गं यातलं. तुला खोटं वाटू नये म्हणून...”

“पत्र मला लिहायचं होतं की यांना?”

आणि मिस्त्रींचा बांध फुटला. माफ कर, माफ कर, माझ्या सोन्या, मला माफ कर, असं म्हणत ते तिच्याकडे निघाले, खुर्चीला अडखळले, खुर्ची आडवी झाली, आणि ते तिथेच गुडघ्यांवर बसून हात जोडून रडायला लागले. नाक गळत होतं, आवाज फाटला होता. कापलेलं सगळं परत आलं, चिमणीसुद्धा. त्यातलं काहीही खोटं नव्हतं, हे मी आज कुठेही शपथेवर सांगेन. तेव्हा मात्र मी दोन पावलं मागे सरून बघत राहिलो. चष्मेवाले बघत होते. चादरीचं एक टोक माझ्या हातात तसंच होतं.

मुलीचे डोळे भरले होते. ती पुढे झाली, अगदी एक पाऊल. मग तिने आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि थांबली.

“आता नको, बाबा,” ती म्हणाली. “आता लोक बघतायत.”

कागद तिने खुर्चीवर ठेवला आणि ती गेली.

“अहो, जा ना तिच्या मागे!” सिस्टर ओरडल्या. मिस्त्री धडपडत उठले आणि खाली धावले. आम्ही तिघं वर उभे. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय म्हणून रडू येईल की काय अशी भीतीही वाटत होती. आलं असतं तर बरं झालं असतं.

दहा मिनिटांनी ते एकटेच परत आले. बस सुटली होती. त्यांनी पडलेली खुर्ची सरळ केली, बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याजवळ येऊन बसले. आवाज खाली आणून, फेरीत विचारायचे तसंच, मान जरा पुढे काढून त्यांनी मला विचारलं,

“मास्तर, खरं सांगा. माझं जरा जास्तच झालं का?”