'नक्की माहीत नाही'

रोझलिन टॅकेटला कंटाळा आला होता, आणि तो एका दिवसाचा नव्हता. बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, माणसाचं बोट कुठे अडखळतं, हे पाहण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. आता अमेरिकेतल्या टकोमा शहरात एका कंपनीत ती औषधांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआय सहायकाचं बोलणं घडवत होती. त्यानं कुठे थांबावं, कुठे माघार घ्यावी, हे तिनं ठरवायचं. 'मला हे नक्की माहीत नाही' हे वाक्य तिनं अकरा वेळा घातलं होतं आणि अकरा वेळा तिचा वरिष्ठ ग्रेडी यानं ते काढलं होतं.

"हे वाचलं की दहातले तीन जण ॲप बंद करतात गं," तो म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. वरच्यांना आकडे दाखवून दाखवून तोही पिचला होता.

त्या मंगळवारी चाचणीसाठी ऑर्विल स्वेन्सन आले. वय बहात्तर, उभा जन्म फेरीबोटीवर खलाशी. बायकोच्या, लॉर्नाच्या, गोळ्या तेच सांभाळत. चाचणीचा नियम साधा होता: शेजारी बसून बघायचं, मदत करायची नाही. ग्रेडी काचेपलीकडे बसला होता, कॅमेरा चालू होता.

"घरी पडतो तसा एखादा प्रश्न विचारा," रोझलिन म्हणाली.

ऑर्विलनी एका बोटानं टाइप केलं: बायको रक्त पातळ करायची गोळी घेते. तिचा गुडघा दुखतोय. माझी दुखण्यावरची गोळी तिला देऊ का?

उत्तर लगेच आलं. 'हो, एखादी चालेल. जेवणानंतर द्या. त्यांना लवकर आराम पडो.'

"गोड बोलते हो तुमची ही यंत्रातली पोरगी! आमच्या डॉक्टरला हिच्याकडे शिकवणीला पाठवा." त्यांनी खिशातून कागद काढला आणि लिहायला घेतलं.

'लवकर आराम पडो' हे शब्द रोझलिनचे होते. मार्चमध्ये दोन दिवस घालवून तिनं ते निवडले होते.

"मिस्टर स्वेन्सन, लिहू नका. ते चूक आहे. आतून रक्तस्राव होऊ शकतो."

ऑर्विलनी मान वर केली. "मग एवढं छातीठोक कसं सांगितलं?"

"तसं बोलायला मीच शिकवलंय," ती म्हणाली.

ते गेल्यावर ग्रेडी आत आला. "चाचणी वाया घालवलीस."

"हो. चित्रण बघ."

त्यानं ते दोनदा पाहिलं आणि खुर्चीत बसला. "वर काय सांगू?"

"दिसलं ते सांग. मला आता नवं काही सुचत नाही."

पुढचे तीन आठवडे बैठकांत गेले. कुणी म्हणालं, वाक्य ठेवा पण फिकट करा. कुणी म्हणालं, तळाशी टाका. रोझलिन दर वेळी तेच चित्रण लावायची. शेवटी ठरलं: दोन औषधं एकत्र घेण्याचा प्रश्न आला की सहायक उत्तर देणार नाही. मोठ्या अक्षरांत 'नक्की माहीत नाही' म्हणेल आणि फार्मासिस्टला फोन लावून देईल.

ऑर्विलना पुन्हा बोलावलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि वाचून हात झटकले. "घ्या! मग हे यंत्र कशाला? नंबर तर बाटलीवरही असतो."

"असतो खरा."

"मागची पोरगी बरी होती. चुकायची, पण बोलायची तरी."

तरी त्यांनी फोन लावला. पलीकडे 'कृपया थांबा' म्हणून संगीत वाजू लागलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ग्रेडीनं काचेतून घड्याळ दाखवलं. रोझलिननं दोन कप कॉफी आणली.

"लॉर्नाचं तुमच्या त्या मागच्या पोरीसारखंच," ऑर्विल म्हणाले. "रस्ता ठाऊक नसला तरी 'उजवीकडे घे' म्हणणार. एकदा थेट कॅनडाच्या हद्दीवर पोचलो."

"मग?"

"मग काय, तिथेच भाजलेला मासा खाल्ला आणि परत आलो. भांडलो मात्र घरापर्यंत."

चौतिसाव्या मिनिटाला फार्मासिस्ट बाई बोलल्या. ती गोळी अजिबात देऊ नका, दुसरी अमुक चालेल, किती ते लिहून घ्या. ऑर्विलनी प्रत्येक शब्द दोनदा विचारला, मग टोपी घालून गेले.

रोझलिननं अहवालात लिहिलं: 'योग्य उत्तर मिळालं. वेळ चौतीस मिनिटं.'

ग्रेडीनं खांद्यावरून वाचलं. "या चौतीस मिनिटांवर वरचे ओरडतील गं."

"ओरडू देत. ते उद्या बघू," ती म्हणाली आणि कोट घेऊन बस पकडायला निघाली.