आमचं पाहून झालंय

संघप्रियानं जुना फोटो हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि ती मागं मागं सरकू लागली. मागून येणाऱ्या एका बाईच्या पायावर तिचा पाय पडला, तशी ती "सॉरी, सॉरी" म्हणाली, पण फोटो काही खाली आला नाही. एकदा फोटोकडं, एकदा समोरच्या गेट वे ऑफ इंडियाकडं, अशी तिची मान हलत होती.

"आजी, जमंना गं. हे नारळाचं झाड नेमकं कुठं होतं? तू तर त्याच्या बुडालाच उभी हायस."

चांगुणाबाई समुद्राकडच्या कठड्याला टेकल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"लय वर्षं झाली बाई. कुठं ध्यानात राहतंय."

"एवढं मोठं झाड ध्यानात न्हाई?"

"झाड बघायला आले होते का मी?"

शेजारी उभा असलेला सिद्धोधन हसला. चांगुणाबाईंचा हा मुलगा सेलूच्या शाळेत शिक्षक होता, आणि संघप्रिया त्याची मुलगी. तिला मुंबईत नोकरी लागून वर्ष झालं होतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीचं दर्शन झालं, गावची, वालूरची मंडळी परतीच्या गाडीला लागली, पण संघप्रियानं या दोघांना जाऊ दिलं नाही. "आता माझ्या खोलीवर राहायचं. मुंबई बघायची, नीट, बसून-उठून," असं तिनं बजावलं होतं.

आणि ती खरोखरच दाखवत होती. काल राणीच्या बागेत काचेपलीकडचे पेंग्विन पाहून चांगुणाबाई म्हणाल्या होत्या, "माझ्यावानीच गुडघे गेलेत की बिचाऱ्यांचे." मलबार हिलवर म्हातारीचा बूट पाहून त्यांनी विचारलं होतं, "म्हातारी कुठं गेली मग?" "ती माझ्यासंगं फिरायलीय," असं नात म्हणाली होती. आज सकाळी मोठ्या स्टेशनाची इमारत पाहताना मात्र त्या काहीच बोलल्या नव्हत्या. रस्त्यापलीकडून, मान दुखेपर्यंत, दगडाला फुटलेली पानं, दगडातली जनावरं, ते घुमट त्या पाहत राहिल्या. कुणीतरी छिन्नी धरून एकेक पान काढलं असेल. तो माणूसही कुठल्या तरी खेड्यातूनच आला असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

गेट वे शेवटी ठेवला होता, तो मुद्दाम. वारलेल्या आजोबांच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात होता. जुन्या फोटोतल्या जागेवर आजीला उभं करून नवा फोटो काढायचा आणि दोन्ही फोटो एका चौकटीत बसवायचे, असं संघप्रियाच्या मनात होतं.

फोटोत तरुणपणीचे आजोबा, भगवानराव होते, टोपी आणि कोट घातलेले. शेजारी हातभर अंतर राखून चांगुणाबाई. मागं कमान, नारळाचं झाड आणि धूर सोडणारी आगबोट. वरचा भाग ओलीनं गेला होता. वालूरच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तो फोटो पन्नास वर्षं लटकत होता. भगवानराव गुरुजी नव्या नवरीला घेऊन मुंबई बघून आले, हे साऱ्या वस्तीला त्या फोटोनं सांगितलं होतं.

आणि तो फोटो काढला होता परभणीला, उरुसात, फोटोवाल्याच्या तंबूत, रंगवलेल्या पडद्यापुढं.

हे वस्तीत दोघांनाच माहीत होतं. आता त्यातल्या एकट्या चांगुणाबाई उरल्या होत्या.

निघाले होते ते मुंबईलाच. गुरुजी नुकतेच शाळेत लागले होते. वस्तीतून जोडीनं मुंबई बघायला जाणारे ते पहिलेच, म्हणून अर्धी वस्ती गाडीवाटेपर्यंत पोचवायला आली होती. गुरुजींचा मित्र पंडित परभणीला राहायचा. तो मुंबईत राहून आलेला. तो सोबत येणार होता. पण परभणीला पोचले तर पंडितच्या दाराला कुलूप. बायकोचं बाळंतपण, म्हणून तो गंगाखेडला सासुरवाडीला गेलेला. आज येईल, उद्या येईल म्हणून दोघं एका नातेवाइकाच्या ओसरीत थांबले. पंडित आला नाही. रजा संपत आली. एकट्यानं, तरण्या बायकोला घेऊन, कधी न पाहिलेल्या त्या शहरात उतरायची गुरुजींची छाती झाली नाही. हे ते बोलले नाहीत आणि चांगुणाबाईंनी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी बायकोला उरुसात नेलं, बांगड्या भरल्या, खाजा खाऊ घातला आणि फोटोवाल्याच्या तंबूत नेलं. पडदा रंगवणारा हैद्राबादकडचा असावा. त्यानं गेट वेचे बुरुज चारमिनारासारखे उंच काढले होते आणि जागा उरली म्हणून एक नारळाचं झाड.

खोटं बोलायचं कुणाच्याच मनात नव्हतं. घरी आल्यावर शेजारच्या गीताबाईनं पिशवी सोडायला हात लावला, फोटो पाहिला आणि ओरडली, "अगं माय, समुद्र! आगबोट! मुंबई बघून आले गं!" गुरुजी तेव्हा तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवेपर्यंत अंगण बायकांनी भरलं होतं.

पुढं कितीदा तरी दोघं सहा डिसेंबरला दादरला आले. रांग, दर्शन, पुस्तकांचे स्टॉल. दुसऱ्या दिवशी बरोबरची माणसं गेट वे बघायला निघत. कुणीतरी म्हणे, "गुरुजी, चला की." गुरुजी म्हणत, "तुमी जाऊन या. आमचं पाहून झालंय." मग दोघं शिवाजी पार्कात साऱ्यांच्या पिशव्या सांभाळत बसत. माणसं परत आली की गुरुजी त्यांना खोदून खोदून विचारत. पायऱ्यांना पाणी लागतं का, कबुतरं आहेत का अजून, घारापुरीची नाव कुठून सुटते. आणि दरवर्षी ते सारं जास्तच चांगलं सांगत. वस्तीतली पोरं मुंबईला कामाला निघाली की आधी त्यांच्याकडून रस्ते समजून घेत.

रोज संध्याकाळी घरात वंदना व्हायची. गुरुजींचा आवाज खडा, शाळेच्या मैदानाला पुरणारा. पंचशील घेताना मात्र चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तो आवाज हळू व्हायचा. पाचव्याला पुन्हा चढायचा. गुरुजी जाईपर्यंत त्यात बदल झाला नाही.

"थांब आजी, मी कुणाला तरी विचारते," संघप्रिया म्हणाली.

चौकात गळ्यात कॅमेरा अडकवलेले, हातात नमुन्याच्या फोटोंचा गठ्ठा घेतलेले फोटोवाले हिंडत होते. संघप्रियानं त्यातला सगळ्यात म्हातारा निवडला. दाढी पांढरी, खांद्याला छपाईच्या यंत्राची जड पिशवी.

"काका, तुम्ही खूप वर्षं आहात ना इथं?"

"जवानीपासून आहे, बेटा. सहा बाय आठ काढू का?"

"काढायचाय, पण अगदी असाच. हा कुठल्या बाजूनं घेतलाय, सांगता येईल?"

तिनं फोटो त्याच्या हातात दिला. चांगुणाबाईंनी कठडा धरला. दगड उन्हानं तापला होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. पाहिलं. त्याला वेळ लागला नाही. त्याच्या भुवया वर गेल्या, तोंड उघडलं.

"अरे, ये तो..."

"काका," सिद्धोधन मध्येच म्हणाला, "ते झाड नंतर तोडलं असंल, न्हाई का? लय जुनी गोष्ट हाय. ही माझी आई. शेजारी माझे वडील हायेत. गेल्या साली वारले."

म्हाताऱ्यानं सिद्धोधनकडं पाहिलं, मग कठड्याला धरून उभ्या असलेल्या चांगुणाबाईंकडं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

"तोडलं," तो म्हणाला. "रस्ता मोठा केला ना, तेव्हा. चांगलं झाड होतं."

"आणि आजी कुठं उभी होती?"

तो चार पावलं चालला, इकडंतिकडं पाहिलं आणि फरशीवर चपलेच्या टोकानं खूण केली.

"इथं. मावशी इथं, आणि साहेब तिथं."

संघप्रियानं टाळी वाजवली. आजीला उन्हात उभं करण्याआधी थंड पाणी आणते, म्हणून ती गर्दीत शिरली. म्हातारा त्याची पिशवी उघडण्यात गुंतला. कठड्याशी माय-लेक राहिले.

"झाडाचं तूच सुचवलंस त्याला," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मंग काय करावं? त्याच्या तोंडावर आलंच होतं."

पाण्यात एक नाव धक्क्याला लागत होती. चांगुणाबाईंनी ती पूर्ण लागेपर्यंत पाहिली.

"तुला कवापासून ठावं हाय?"

"चौथीत होतो. दादांनी उरुसाला नेलतं. पाळण्याच्या अंगाला फोटोवाल्याचा तंबू, आन् पडदा बाहेरच टांगलेला. मी वरडलो, दादा, आपल्या घरचं झाड!"

"मंग?"

"मंग काय. मला पाळण्यात बसवलं. उतरलो, तर पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा वकारी आली तवा उतरवलं."

चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलले. हसू ओसरल्यावरही पदर तिथंच राहिला.

"घरी येऊन बोलला न्हाईस कधी."

"बोलू नको, असं म्हणले न्हाईत ते. वाटंनं कायच म्हणले न्हाईत. नुसतं बोट धरून चालले." सिद्धोधननं आपलं बोट दुसऱ्या मुठीत धरलं. "बोट लय घट्ट धरलं होतं, माय."

संघप्रिया पाण्याची बाटली घेऊन आली. चांगुणाबाई दोन घोट प्यायल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हाताऱ्यानं दाखवलेल्या फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. उभं राहण्याआधी त्यांनी वळून वर पाहिलं.

दुपार कलली होती आणि पिवळा दगड मधासारखा झाला होता. बुरुज पडद्यावरच्याइतके उंच नव्हते. त्यांना तशी गरजही नव्हती. दगडाच्या जाळ्यांत कबुतरं बसली होती. एवढा भार डोक्यावर घेऊन ती कमान अशी उभी होती, जणू आत्ताच कुणासाठी तरी दार उघडलं आहे. पडद्यावरचा गेट वे सपाट होता, त्यातून काही येत नव्हतं. याच्यातून समुद्राचा खारा वारा सरळ येऊन अंगावर पडत होता आणि लुगड्याचा काठ फडफडत होता. कुणीच हे सांगितलं नव्हतं. गुरुजींनी विचारलं नसेल असं काही उरलं नव्हतं, पण वाऱ्याचं विचारायचं राहून गेलं होतं.

"लय देखणं हाय," त्या पुटपुटल्या.

"आजी, पहिल्यांदा पाहिलंस तवाबी असंच म्हणाली होतीस का?"

"इकडं बघा, मावशी," म्हातारा चटकन म्हणाला. मग कॅमेऱ्यातून पाहत त्यानं डाव्या हातानं खूण केली. "जरा मध्ये या. एका बाजूला जागा खाली राहते."

"ऱ्हाऊ द्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "हितंच बरी हाय मी."

 म्हाताराच दोन पावलं सरकला आणि त्यानं फोटो घेतला. पिशवीतल्या यंत्रातून कागद हळूहळू बाहेर आला. संघप्रियानं तो वाऱ्यावर धरून दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिले. जुन्यातल्या सपाट कमानीवर बोट ठेवून बराच वेळ पाहिले. मग दोन्ही रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले.

"आता निघायचं?" तिनं विचारलं.

"तुमी दोघं नावंपर्यंत जाऊन या वाटलं तर," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी पिशव्या बघते."

"पिशव्या खोलीवर हायेत, माय," सिद्धोधन म्हणाला.

त्यांनी आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मग नातीच्या दंडाला धरून, पाय जपत, त्या धक्क्याच्या पायऱ्यांकडं निघाल्या. पायऱ्यांना पाणी लागत होतं.

दिवेलागणीला खोलीवर परतल्यावर संघप्रियानं खिडकीतल्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. उदबत्ती पेटवली. दोन्ही फोटो रुमालातून काढून मूर्तीच्या पायाशी ठेवले. तिघं हात जोडून बसली. खाली गाड्यांचे भोंगे चालू होते, तरी सिद्धोधनचा आवाज त्यांच्यावर चढला. वडिलांचाच आवाज. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं.

चौथ्याला सिद्धोधनचा आवाज हळू झाला. चांगुणाबाईंचा झाला होताच.

आणि संघप्रियाचाही झाला.

चांगुणाबाईंनी डोळे उघडले. नात हात जोडून, डोळे मिटून, नारळाच्या झाडापुढं बसली होती. पाचव्याला तिनंच आवाज चढवला, आणि मागून त्या दोघांनीही.