गाठीविना ओटी

त्या वर्षांत कापसाविषयी कोणी आनंदाने बोलत नसे. वर्तमानपत्रात यवतमाळ जिल्ह्याचे नाव दिसले, की वाचणारा क्षणभर थांबे आणि मगच पुढची ओळ वाची. अशा दिवसांत घाटंजीच्या ममताने कापसाच्याच आधारे आपला उद्योग उभारण्याचे ठरविले. तिचे वडील नागोराव यांना ते धाडसाचे वाटले, आणि थोडे अविचाराचेही.

नागोराव गवंडी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची थापी, ओळंबा, घमेली आणि दोऱ्यांची रिळे असत. ममताला तीच खोली कापूस वेचणीच्या पिशव्या शिवण्याच्या कारखान्यासाठी हवी होती.

"वेचणाऱ्या बायांनी तुह्या पिशव्या ठेवून घेतल्या, तर खोली तुही," नागोराव म्हणाले. "दुसऱ्या वेच्यापर्यंत पाह्यतो. नाही जमलं, तर पुसदले मामाच्या दुकानात गणवेश शिवाले जायचं. कबूल?"

"कबूल, बाबा. तुमी घमेली हलवाची तयारी करा."

यवतमाळला सात दिवसांचे एक उद्योग-शिबिर ती करून आली होती. वस्तू घडविणाऱ्याने आधी वापरणाऱ्याचा दिवस पाहावा, असे तेथील बाईंनी शिकविले होते. ममताने ते वाक्य वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले, आणि ते आपल्याला समजले असे मानले.

कापूस वेचणाऱ्या स्त्रिया जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला बांधून समोर त्याची ओटी करतात आणि वेचलेला कापूस तीत टाकतात. ममताला हा वेष दीनवाणा वाटे. तिने पाठीवर घेण्याची पिशवी योजिली: रुंद पट्टे, लाल गोट, तीन खिसे. आठवडी बाजाराच्या दिवशी बायकांना दारी बोलावून, ताठ उभे करून, तिने एकेकीची मापे घेतली. बारा पिशव्या शिवून झाल्या. शिलाई अशी होती की तिच्यात दोष काढायला जागा नव्हती.

पहिला वेचा, म्हणजे वेचणीची पहिली फेरी, मारोतरावांच्या शेतात होता. त्यांच्या पत्नी कोकिळाबाई यांनी रीतीप्रमाणे सीतादही केले. कपाशीच्या चार झाडांच्या, पऱ्हाट्यांच्या, मुळाशी दहीभात वाहिला, हात जोडले, आणि मग वेचणीला आरंभ झाला. बाराही जणींच्या पाठीवर नव्या पिशव्या होत्या. तासाभराने ममताने विचारले, "कशा वाटल्या?"

"बेस हाय, बाई!"

"लय झकास! माह्या सुनेले दाखवतो."

ममता प्रसन्न मनाने घरी परतली. दुपारी पाण्याची कळशी घेऊन ती पुन्हा आली, तेव्हा शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या, निंबाला अकरा पिशव्या टांगलेल्या होत्या. बायका आपापल्या ओट्या बांधून कपाशीच्या ओळीत, म्हणजे तासात, पुढे सरकल्या होत्या. बारावी पिशवी वच्छलाबाईंच्या पाठीवर होती, परंतु रिकामी. समोर त्यांनीही ओटी बांधलेलीच होती.

ममता त्यांच्याजवळ गेली. "मावशी, सकाळी तर बेस म्हणत होत्या तुमी."

वच्छलाबाई साठीच्या होत्या, चाळीस वर्षे वेचणी करीत आलेल्या. पुढचे दोन दात नसल्यामुळे त्यांचे हसू मोकळे दिसे. "तू एवढ्या हौसेनं विचारलं, आमी बेस म्हटलं. लेकराचं मन कायले मोडावं? म्या तर तुह्यासाठी पाठीवरबी ठेवली."

"मग खरं कसं कळावं मले?"

"विचारून नाही कळत. बांध ओटी, लाग माह्यासंगं."

ममताने ओटी बांधली. दोन दिवस ती वच्छलाबाईंच्या शेजारच्या तासात वेचत राहिली, आणि वहीतले ते वाक्य तिला तेथे प्रथमच वाचता आले. वेचणारी स्त्री ताठ उभी नसतेच. दिवसभर ती वाकलेली असते. दोन्ही हात दोन झाडांवर चालतात, आणि कापूस न पाहता समोर पडतो. पाठीवर टाकायचे तर प्रत्येक मुठीला हात वळवावा लागतो. कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, वेगळी ठेवावी लागते. त्यासाठी बायका लुगड्याचा कोपरा दातांत धरतात. हे सर्व ममताने मनात टिपले. तरी मुख्य गोष्ट तिला दुसऱ्या दिवशी दिसली.

ओटी भरली, की धुऱ्यावरच्या ढिगाऱ्यात रिती करायची. त्यासाठी कमरेची गाठ सोडावी लागते. ओझ्याने गाठ आवळलेली, आणि सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटांची अग्रे सोललेली. वच्छलाबाईंनी प्रयत्न केला, बोटे झटकली, आणि शेजारणीला हाक मारली, "सुखे, ये वं! तुहे दात दे."

सुखीबाईंनी वाकून दातांनी गाठ सोडली. "माहे दात भाड्यानं लावले हायेत हिनं," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

ममता हसली नाही. त्या दिवशी तिने हीच क्रिया प्रत्येकीच्या बाबतीत पाहिली. "मावशी, गाठीचा त्रास होते, हे मले कोणीच नाही सांगितलं."

"गाठीचा कायचा त्रास?" वच्छलाबाई खऱ्या आश्चर्याने म्हणाल्या. "गाठ तर असतेच."

घरी येऊन ममताने बाराही पिशव्या उसवल्या. आपल्याच हातची निर्दोष शिलाई उसवताना तिला वाईट वाटले नाही, याचे तिला नवल वाटले. नव्या नमुन्यात ओटी समोरच राहिली, मऊ जुन्या लुगड्याचीच राहिली. तळ मात्र उघडता येईल असा केला, आणि तो लोखंडी आकड्याने अडकविला. नमुना घेऊन ती वच्छलाबाईंकडे गेली. या वेळी तिने काही विचारले नाही; ओटी त्यांच्या कमरेला बांधली, आणि त्या वाकून अंगण झाडू लागल्या तशी बाजूला बसून पाहत राहिली.

"हे काय वं, पोटात टोचून राह्यलं!"

ममताचा चेहरा उजळला. "कुठं टोचते, मावशी? बोट ठेवा."

"शिव्या खाऊन हसून राह्यली, पाहा!"

लोखंडी आकडा गेला. त्याच्या जागी बांबूची गुळगुळीत गुल्ली आली, तीही पोटावरून हटवून मांडीच्या बाजूस. बोटे न लावता, तळहाताच्या कडेने ती सरकविली, की तळ उघडे आणि कापूस एकदम ढिगाऱ्यात पडे. डाव्या अंगाला कवडीसाठी खिसा बसला. कमरेचा पट्टा सकाळी एकदा बांधायचा, संध्याकाळी सोडायचा. अशा बारा ओट्या घेऊन ममता दुसऱ्या वेच्याला गेली. त्या वाटून ती स्वतःही तेरावी ओटी बांधून तासात उतरली.

दुपारी नागोराव शेतावर आले. त्यांनी प्रथम निंबाकडे पाहिले. फांद्यांना भाकरीची फडकी तेवढी होती. मग ते ढिगाऱ्यापाशी उभे राहिले. सुखीबाई आल्या, तळहात फिरवला, कापूस खाली आला, आणि त्या न थांबता परत वळल्या. मागोमाग वच्छलाबाई आल्या आणि त्यांनीही तसेच केले. आज कोणाच्या दातांची गरज पडली नव्हती.

"कशी काय हाय ओटी, वच्छलाबाई?" नागोरावांनी विचारले.

"काय सांगू, नागोराव! खिसा लहान केला तुह्या पोरीनं. कवडी मावत नाही. अन् पट्टा दोन बोटं रुंद पायजे होता."

"माहा तर लांब झाला!" सुखीबाई तासातून ओरडल्या.

नागोरावांचा चेहरा उतरला. त्यांनी ममताकडे पाहिले, तर ती कमरेची वही काढून भराभर लिहीत होती, आणि हसत होती.

"नावं ठेवून राह्यल्या ना त्या," ते हळूच म्हणाले.

"हौ, बाबा. मागच्या वेळी बेस म्हणत होत्या." तिने वही मिटली. "वच्छलामावशी, ओटी परत द्या मंग. दुरुस्त करून आणतो."

वच्छलाबाईंनी दोन्ही हात ओटीवर ठेवले. "परत? अन् उद्या म्या कायात वेचू? नवी शिव. हे माही हाय."

 नागोराव निंबाखाली थोडा वेळ बसले, पाणी प्यायले, आणि घराकडे निघाले. संध्याकाळी ममता परतली, तेव्हा घमेली अंगणात एकावर एक रचलेली होती, आणि पुढच्या खोलीत नागोराव भिंतीला ओळंबा लावून उभे होते.

"इथं खिडकी मोठी करतो," ते म्हणाले. मग थांबून त्यांनी विचारले, "नाही, थांब. तू मशीनवर बसते कोणत्या बाजूनं? बस बरं आधी. म्या पाह्यतो."