खाकरण्यानंतरचं गाणं

देवकामायचं नाव आधी लिहितो, कारण मी आज जिथे आहे तिथे तिच्यामुळे आहे. चिखलात रुतलेली पावलं, कमरेत वाकलेली सावळी काया, धानाच्या बांधीतल्या पाण्यात थरथरणारं आषाढाचं करडं आभाळ आणि गाण्याआधी दोनदा खाकरण्याचा तो खरखरीत, हुकमी ध्वनी. स्मृतीत ती अशीच उभी आहे. ते खाकरणं कानी पडलं की केशोरीच्या शिवारात रोवण्याला आलेल्या बायांच्या गप्पा विझत, आणि धानाची रोपं हातातच थबकत.

आठवीत शाळा सोडली तेव्हा गावानं मला वाया गेलेला ठरवून टाकलं. ही एकटीच म्हणाली की पोराचे कान चांगले आहेत, आणि पुण्यात लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या आपल्या भावाकडे मला धाडलं. तिथून एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत तारा गुंडाळायला लागलो. अजूनही दार जोरात वाजलं की वाटतं, आता मला काढतात.

त्या स्टुडिओत चौघांचा एक रॉक बँड अल्बम करीत होता. गिटारच्या तारा खिळ्यानं घासायच्या, पत्र्यावर वाळू ओतायची, असं सगळं करून ते अस्सल आवाज शोधत. देवकामायबद्दल त्यांना मीच सांगितलं, गावीही मीच नेलं, तिचं गाणं तिथेच मुद्रित झालं. तिनं एकच मागितलं. शेवटच्या कडव्यात ती सोबतच्या अकरा जणींची नावं गुंफायची, तेवढं राहू द्या म्हणाली. गिटारवाल्यानं मान डोलावली, आणि त्याचा शब्द मी माझ्या तोंडानं तिला दिला.

आवाजांची शेवटची जुळणी मुंबईत झाली, त्यामुळे अल्बम माझ्या कानाआड पुरा झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांतली परीक्षणं आमचा इंजिनिअर मोठ्यानं वाचून दाखवी. एकानं त्याला धाडस म्हटलं, दुसऱ्यानं दिखाऊ गोंगाट. पण पहिल्याच तुकड्यातल्या खाकरण्यावर दोघेही लुब्ध. एकाला त्यात यंत्रयुगाचा गुदमर ऐकू आला, दुसऱ्याला भाषा जन्मण्याआधीचा माणूस. तिचं नाव कुठेच नव्हतं. गाणं आणि नाव नंतर येत असेल, असं समजून मी सीडी न ऐकताच अभिमानानं गावी घेऊन गेलो.

शेजारच्या अंगणात दुपारचं उन्ह कलत होतं. देवकामाय धुतलेलं लुगडं नेसून बसली, रोवण्याच्या बाया भोवती. खाकरणं आलं, तशी तिची पाठ ताठ झाली, बायांचे ओठ हलले. आणि वर गिटारची गर्जना कोसळली. पुन्हा खाकरणं, पुन्हा ताठ झालेली पाठ, पुन्हा गर्जना. शेवटी नुसती खरखर उरली आणि तीही थांबली.

“माही सर्दीच नेली का रे बाबू त्यायनं?” ती म्हणाली. बाया हसल्या. हसू ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, “एवढा गरा साफ केला, मंग गाना कायले नाही लावला?”

पुण्यात परतून गिटारवाल्याला विचारलं. खांद्यावर हात ठेवून तो प्रेमानं म्हणाला की गाणं सुंदर होतं, पण ओळखीचं वाटत होतं. मूळ मुद्रण पुसलं होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर ते कौतुकाचं परीक्षण चौकटीत टांगलेलं होतं. मी काही बोललो नाही, नोकरी होती. त्याच्या विश्वासघाताला माझं ते मौनही जोडलं गेलं.

देवकामाय गेली त्याला दोन पावसाळे झाले. काळानं तिचं गाणं नेलं आणि गाण्याची तयारी तेवढी त्या चकतीत ठेवली. अजूनही ती तिथे गाणं सुरू करायच्या बेतात आहे. मी बायांना फोन करून एकेक ओळ मागतो. कडवी जमली आहेत, फक्त कोणाचं नाव आधी यायचं, यावर अकरा जणींचं भांडण चालू आहे. ते मिटेल तेव्हा मिटेल. मग एखाद्या आषाढात त्याच बांधीच्या धुऱ्यावर उभा राहीन, दोनदा खाकरीन. आणि माय, त्यानंतर थांबणार नाही.