तिसरा कप

येशिमेबेतने तव्यावरचे कॉफीदाणे हलवले आणि तवा पाहुण्यापुढे धरला, धुराचा वास घ्यायला. सुराफेलने घाईने मान डोलावली आणि घड्याळ पाहिलं. तो राजधानीतल्या पर्यटन कंपनीचा माणूस. त्याने होकार दिला, तर किल्ल्यांच्या गोंदर शहरातल्या या छोट्या पाहुणघरात वर्षभर परदेशी माणसं उतरणार होती. नाही दिला, तर दाराला कुलूप. येशिमेबेतची मुलगी मेहलेत म्हणूनच जीव मुठीत धरून उभी होती.

"पाहुण्यांसाठी माहिती लिहून झालीय," सुराफेल म्हणाला. "आपलं वर्ष तेरा महिन्यांचं, दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, परक्याचं राज्य इथे टिकलं नाही. आणि कॉफी, वीस मिनिटं. एक कप."

येशिमेबेतचा हात थांबला.

"एकच? मग चहा पाजा त्यांना. तो उभ्याउभ्याही पिता येतो."

"आई, अगं!" मेहलेत कळवळली.

"मावशी, त्यांना पुढे किल्ले बघायचे असतात."

"किल्ले कुठे पळून चाललेत? तिसऱ्या कपात आशीर्वाद असतो, बाळा. तो न घेता माझ्या घरातून अजून कुणी उठलेलं नाही. पाहुणघर बंद पडलं तरी चालेल."

मेहलेतला आईचा राग आला. पण दाणे कुटून, उकळून ताठ पाठीने कॉफी ओतणाऱ्या त्या बाईकडे बघून तिचा ऊर भरूनही आला, आणि मग तिने आईला अडवलं नाही.

सुराफेलने पहिला कप घाईघाईत संपवला. "कळवतो," म्हणत तो उठला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे त्याची आई होती, आणि तिचा आवाज असा खणखणीत की खोलीभर ऐकू यावा.

"कुठे आहेस रे?"

"गोंदरला. एका घरी कॉफीला आलोय."

"कितवा कप?"

सुराफेलने रिकाम्या कपाकडे पाहिलं. येशिमेबेत निखाऱ्यांना वारा घालत राहिली.

"पहिला झाला," तो हळूच म्हणाला.

"मग फोन कशाला उचललास? माझं नाक कापतोस का लोकांत? बस खाली!"

फोन बंद झाला. कॉफीसाठी जमिनीवर अंथरलेल्या हिरव्या गवतावर सुराफेल मुकाट्याने पुन्हा बसला. मेहलेतने ओठ दाबून लाह्यांची परडी त्याच्यापुढे सरकवली. कॉफीच्या मातीच्या सुरईत पुन्हा पाणी ओतून येशिमेबेतने ती निखाऱ्यांवर ठेवली.

दुसरा कप हातात आल्यावर सुराफेलने खाकरून विचारलं,

"माहितीत दीड तास लिहू का, मावशी?"

"दोन लिहा," मेहलेत म्हणाली.