ताईच्या हातचा चहा

ताईला भावाची दया यायची, आणि तिची दया परवडत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक तिला सोडून.

आई गेली तेव्हा धाकटा अजून बोबडं बोलत होता. शिवणयंत्राच्या पायापाशी बसवून ताईनं त्याला वाढवला. पुढे तो रंगारी झाला, एक दिवस परांचीवरून पडला आणि कमरेसाठी दिलेल्या गोळ्यांनी कंबर सोडून माणूसच धरला. कंबर कधीच बरी झाली, गोळ्या काही सुटेनात. चोऱ्यामाऱ्या, थापा, शपथा, सगळं झालं. त्याची बायको बस चालवायची. बाई बोलायचीही तशीच, एकदा वळली की वळली. गोळ्या सोडवायला तो दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिनं त्याला ताईसमोर बसवून सांगितलं होतं, "गोळी घेतलीस तर सांग, मी सोसेन. पण आता एकदा जरी खोटं बोललास, तर पोरीला घेऊन मी चालले."

आणि उरलेल्या गोळ्या तिनं ताईच्या हातात दिल्या, गटारात टाकायला. आता बघा, विश्वास टाकून टाकला कुणावर! ताईनं त्या बटणांच्या डब्यात ठेवल्या. टाकायला हात होईना. वेळ काही सांगून येते का, असं तिचं म्हणणं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही नीट समजावलं. जिभेखाली ठेवायची ती औषधाची गोळी शरीरातल्या नशेला हुसकावून तिच्या जागी बसते. अंगातली नशा उतरल्यावर दिली तर रोग्याला आराम पडतो. नशा अंगात असताना दिली तर मात्र ती नशा एका झटक्यात उपटली जाते, आणि हळूहळू सोसायचं ते सगळं एकदम अंगावर कोसळतं. म्हणून आधी नशेवाचून उपाशी ठेवायचं, चांगला थरथरू द्यायचा, मगच द्यायची. ताईनं मान डोलावली. पण डॉक्टर लोक घाबरवतातच, त्यांचा धंदाच तो, हे तिचं मत काही बदललं नाही.

आणि धाकटा खरंच थरथरत होता. आदल्या दुपारपासून त्यानं एक कण घेतला नव्हता. नाक गळत होतं, पाय आपोआप झटकत होते, अंगावर काटा उभा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, शाब्बास, खरं बोललात, आता थोडाच वेळ. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला खरं बोलल्याबद्दल शाब्बास म्हटलं होतं. तो बायकोकडे बघून हसला. तीही हसली, थोडंसं, आणि त्याचे कपडे आणायला खाली गेली.

दोघं उरली, बहीण आणि भाऊ. त्याचे दात वाजायला लागले. ताईचं काळीज तुटायला लागलं. खरं सांगायचं तर तिचं काळीज घरीच तुटून झालेलं होतं, कारण थर्मास तिनं सकाळीच भरून आणला होता. बटणांच्या डब्यातल्या काही गोळ्या त्यात विरघळवलेल्या. दारावरच्या माणसानं विचारलं तेव्हा, माझ्यासाठी आहे, चहाशिवाय माझं डोकं चढतं, असं सांगून आत आणला.

"कडू लागतोय गं," धाकटा म्हणाला.

पावडर जास्त पडली, पी गुपचूप, असं म्हणून तिनं कप त्याच्या ओठांना लावला. लहानपणी लावायची तसाच.

कप रिकामा होतो न होतो तोच सिस्टर औषध घेऊन आली, आणि मागोमाग भावजय. सिस्टरनं कप बघितला. बाहेरचं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना, काय होतं यात, असं तिनं सरळ विचारलं. ताईनंही सरळ उत्तर दिलं, चहात काय असतं, चहा आणि साखर. गोळी जिभेखाली गेली.

थोडा वेळ धाकटा शांत झाला. लागू पडलं बघ, म्हणाला. आणि मग त्याला धरलं. पोटातलं सगळं दोन्ही बाजूंनी निघालं, चादर, गादी, फरशी. तो गुडघे छातीशी घेऊन गुरासारखा ओरडायला लागला. घाम असा की सिस्टरच्या हातातून मनगट निसटत होतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. रागावल्या नाहीत त्या. एवढंच म्हणाल्या की काहीतरी पोटात गेलंय, काय आणि कधी ते सांगा, म्हणजे पुढचं नीट करता येईल.

"नाही हो घेतलं," तो म्हणाला. "पोरीची शपथ."

ही शपथ भावजयीनं किती वेळा ऐकली होती! मग ती ताईकडे वळली.

"ताई, तुम्ही इथेच होतात. घेतलं का यानं काही?"

थर्मास ताईच्या मांडीवर होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण हे कळलं तर ही बाई आपल्याला त्याच्या वाऱ्याला उभं करणार नाही, हेही त्याच क्षणी तिला लख्ख दिसलं.

"मधे बाथरूमला जाऊन आला," ताई म्हणाली. "आत काय केलं, मी कशी बघणार?"

तो उठलाही नव्हता जागेवरून. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा ओकला.

भावजयीनं आणलेले कपडे खाटेच्या कोरड्या टोकाला ठेवले आणि ती गेली. आदळआपट नाही, शिव्या नाहीत. संध्याकाळपर्यंत धाकट्याच्या घराला कुलूप लागलं. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला परोपरीनं समजावलं, ओसरेल हे, थांबा, पुन्हा नीट सुरू करू. कुणासाठी थांबू, म्हणाला, आणि भिंत धरत धरत बाहेर पडला. ताईनं त्याला आपल्या घरी आणलं. दुसरं होतं कोण त्याला?

शिवणयंत्रापाशी त्याची गादी घातली. तो कण्हत पडला होता. खरं बोललो तर कुणाला पटलं नाही, हे एकच पुन्हा पुन्हा. मला पटतंय रे, ताई म्हणाली, आणि कप घेऊन आली.

त्यानं एक घोट घेतला आणि थांबला. तोंडात घोळवला. तोच कडवटपणा. त्यानं मान वर करून ताईकडे बघितलं, मग यंत्रावर उघड्या पडलेल्या बटणांच्या डब्याकडे, मग पुन्हा ताईकडे. आता हा कप तोंडावर फेकणार, असं तिला वाटलं.

त्यानं कप तळापर्यंत प्यायला आणि पुढे केला.

"अजून आहे?" त्यानं विचारलं.

आहे ना रे, भरपूर आहे, म्हणत ताई उठली.